रिकाम्या घोंगडीपुढचा तांब्या

मी, दानम्मा मन्मथ बिरादार, वय साठीच्या पुढे, धंदा शिवणकाम, धर्म ख्रिस्ती, राहणार मौजे करडवाडी, तालुका उदगीर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने करून ठेवते. श्रीपाद वकिलांच्या लेखनिकाने जिल्हा आधी उस्मानाबाद लिहिला होता. नवा जिल्हा यंदाच झाला, हाताला अजून सवय नाही. खोडून दुरुस्त केले आहे आणि तिथे माझी सही आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. मला कोणी दम दिलेला नाही. जे देत होते ते हल्ली माझ्याशी बोलत नाहीत.

मला मूलबाळ नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे दोन खणांचे घर, भांडीकुंडी आणि ट्रान्झिस्टर साखराबाईला द्यावा. साखराबाई आमच्या ख्रिस्ती मंडळीतली, माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारी. ती घोरते आणि उसनी साखर परत करत नाही. तरी घर तिलाच. कारण पुढे कलम ४ मध्ये येईल.

कलम २. शिवणाचे मशीन मंडळीतल्या बायांनी सामाईक वापरावे. माझे मोठे दीर शिवलिंग यांच्या घरची पोलकीही त्यावर शिवून द्यावीत. मात्र माप द्यायला त्यांनी इकडे यावे, आपल्या बाईने तिकडे जाऊ नये.

कलम ३. माझ्या पेटीत चांदीच्या डबीत एक लिंग आहे. ते माझे मयत पती मन्मथ यांचे. आमची दोन्ही घराणी लिंगायत. बाप्तिस्मा घेताना त्यांनी ते गळ्यातून काढले, पण फेकले नाही. आई गंगम्मा यांच्या हातात ठेवले. ते वारले तेव्हा सासूबाई पदराआड डबी धरून मातीला आल्या. लेकाच्या हातात लिंग देऊनच पुरायचे, एवढे एकच त्या मागत होत्या. आमच्या मंडळीच्या लोकांनी ते होऊ दिले नाही. जाताना त्या डबी माझ्या ओटीत टाकून गेल्या. मी त्याची पूजा केली नाही, पण दर दिवाळीला चांदी घासत आले. सासूबाई आता नाहीत. ती डबी शिवलिंग यांना द्यावी. हातात द्यावी, ओट्यावर ठेवून येऊ नये.

कलम ४. आमच्या सामाईक शेतातल्या विहिरीत माझा निम्मा हिस्सा व दिवसाआड पाण्याची पाळी आहे. याबद्दल सविस्तर लिहिते. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, एवढं सगळं मृत्युपत्रात लागत नाही."

मी म्हणाले, "हितं लागत न्हाई, तर मग कुठं लागतंय, सांगा."

ते लिहा म्हणाले.

ती विहीर दोघा भावांनी मिळून खणली. आम्ही धर्म बदलल्यावर शिवलिंग यांनी आमची पाळी बंद केली. बहात्तरच्या दुष्काळात गावचे पाणी आटले, आम्ही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतो, तिथे वाटलेली सुकडी खात होतो, आणि आमच्याच विहिरीच्या तळाशी थोडे पाणी होते. एका शुक्रवारी, दिवस मावळायच्या आत, मन्मथ घागर घेऊन उजळ माथ्याने निघाले. मी बरोबर होते.

शिवलिंग काठावरच होते. म्हणाले, "देव बदललास नव्हं? मग पाणी बी बदल."

"दादा, अर्धी हीर माझी हाय," एवढेच हे बोलले आणि पायऱ्या उतरू लागले. कुऱ्हाडीचा दांडा पाठीत बसला, मग डोक्यात. पंचनाम्यात पाय घसरला असे लिहिले आहे. त्या साली त्या पायऱ्यांवर ओल म्हणून नव्हती.

माझ्या खांद्यावर हात टाकून ते प्रार्थनाघरापर्यंत चालत आले. घरी का नेले नाही? तर घरी पाण्याचा थेंब नव्हता आणि प्रार्थनाघरात माणसे होती.

आमच्या मंडळीची एक रीत आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, जगात जिथे कुठे आपल्या लोकांचा विश्वासापायी छळ होतो, जे तुरुंगात आहेत, ज्यांची घरे जाळली, त्यांच्यासाठी आम्ही प्रार्थना करतो. मध्ये एक घोंगडी रिकामी अंथरायची, ती त्यांची जागा. तिच्यापुढे पाण्याने भरलेला पितळी तांब्या ठेवायचा. त्या देशांची नावे आमच्या जिभेला वळत नसत. साखराबाई सरळ म्हणायची, "देवबापा, त्या लांबच्या लेकराला सांभाळ." दुष्काळातही हा तांब्या चुकला नाही. प्रत्येक घरातून घोटघोट आणून तो भरत. हे मी अभिमानाने सांगत असे.

मी उंबऱ्यात बसले, यांचे डोके मांडीवर घेतले. ते म्हणाले, "पाणी." आत तेवढेच पाणी होते. साखराबाई उठली. मंडळीचे वडील शिवमूर्ती मास्तर प्रार्थना चालवत होते. त्यांनी हात आडवा केला. म्हणाले, "थांबा, ते नेमलेलं पाणी हाय. एवढी प्रार्थना होऊ द्या." आणि डोळे मिटून ते त्या लांबच्यांसाठी पुढे मागू लागले. तहानेल्याला पाणी देण्याचे बायबलातले वचन मास्तरांना तोंडपाठ आहे.

यांनी आणखी एकदा पाणी मागितले. आवाज खाली गेला होता. मग साखराबाईने मास्तरांचा हात झिडकारून तांब्या आणला. पाणी ओठांवरून माझ्या लुगड्यावर सांडले. आत गेले नाही.

म्हणून घर साखराबाईला. विहिरीतला हिस्सा आणि यांच्यामागे मला परत मिळालेली पाळीही तिलाच. अट एकच: माझ्या पाळीच्या दिवशी कोणालाही पाणी नाकारू नये. यंदाही विहीर तळाला चालली आहे. शिवलिंग यांच्या घरची घागर आली तर तीही भरू द्यावी. याला कोणी माफी म्हणू नये. मी माफ केलेले नाही. पाण्याचा आणि माफीचा संबंध जोडला की माणसे मरतात, हे मी पाहिले आहे.

कलम ५. तो पितळी तांब्या मंडळीने वापरायचे सोडून दिले, तेव्हा मी तो घरी आणला. तो परत मंडळीला देते. पहिल्या शुक्रवारची प्रार्थना बंद करू नये. मी एकटी असले तरी ती चुकवलेली नाही. आधी मला त्या लांबच्या लोकांचे चेहरे दिसत नसत. आता दिसतात, सगळ्यांचा चेहरा मन्मथचाच असतो. तिकडेही कोणाची तरी बायको उंबऱ्यात बसलेली असेल आणि आत प्रार्थना चालू असेल. तिच्यासाठी आवर्जून मागावे. घोंगडी अंथरावी, तांब्या भरावा, दार उघडे ठेवावे. प्रार्थना चालू असताना कोणी पाणी मागितले तर जिथे असेल तिथे प्रार्थना थांबवावी. देव थांबेल.

कलम ६. मला मन्मथच्या शेजारी पुरावे. भाषण नको.

कलम ७. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही मिळू शकत नाही, असे वकीलसाहेबांनी सांगितले. हा कायदा मला फार आवडला. म्हणून पहिले साक्षीदार शिवमूर्ती मास्तर यांना केले आहे. या दहा वर्षांत आम्ही एकमेकांना जय ख्रिस्त घालतो, त्यापलीकडे बोललेलो नाही. मन्मथ यांनी दुसऱ्यांदा पाणी मागितले ते मास्तरांना ऐकू गेले होते की नाही, हे मला आजवर कळलेले नाही. रोज मनात येते. मी विचारणार नाही. त्यांच्या सहीखाली जागा सोडली आहे.

हे सर्व मला वाचून दाखवले, बरोबर आहे, म्हणून दोघा साक्षीदारांसमक्ष सही करते.

दानम्मा मन्मथ बिरादार
उदगीर, जिल्हा लातूर
३ डिसेंबर १९८२, महिन्याचा पहिला शुक्रवार

साक्षीदार दुसरी: गोदावरी श्रीपाद कुलकर्णी, राहणार उदगीर. दानम्माबाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार पहिले: शिवमूर्ती मास्तर, राहणार करडवाडी. दानम्माबाईंनी माझ्यासमोर सही केली. कलम चार वाचले, खरे आहे. सोडलेल्या जागेत लिहितो: ऐकू आले होते.