शेल थांबत नाही

सोमवार, ३ जून
१. साडेनऊला रुजू झाले.
२. खिडकीजवळचं टेबल मिळालं. खुर्ची डुगडुगत नाही.
३. सर्व्हर सांभाळणारे आम्ही तिघं. काका सगळ्यात जुने, ताई बॅकअप बघते, आणि मी.
४. ताईने बजावलं, काकांशी जेवणाआधी वाद घालू नकोस, भूक मरते.
इथे मजा येणार.

गुरुवार, ६ जून
नोकरी सोडून गेलेल्यांची खाती पुसणारी स्क्रिप्ट काकांनी शेलमध्ये, म्हणजे सर्व्हरला थेट आज्ञा द्यायच्या भाषेत, लिहिली आहे. खातं रांगेत टाकायचं. आठवड्याला एक पुसलं जातं: आधी दाराचं कार्ड, मग मेल, शुक्रवारी दुपारी बाकी सगळं. मी म्हटलं, हे पायथन भाषेत लिहू. चार आज्ञा पटकन जोडायला शेलसारखं सोपं काही नाही, पण मधली एक फसली तरी ते पुढे जातं. पायथन जागीच थांबतो आणि कुठे बिनसलं ते सांगतो. काका म्हणाले, वीस ओळींच्या कामाला दोनशे ओळींचा थाट कशाला? आधी शेल शीक पोरी, मग मला अक्कल शिकव. चुकांचे संदेश दिसूच नयेत अशी सोयही त्यांनी करून ठेवली आहे. चूक दिसत नाही म्हणजे चूक नाही, म्हणाले.
डोकं फिरलं. चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

मंगळवार, ११ जून
माझी पायथनची स्क्रिप्ट तयार झाली. तिला 'फक्त दाखव' असं सांगता येतं. मग ती काय पुसणार ते दाखवते, पुसत नाही. तुलना करायला ताईने तिचं आणि माझं खातं दोन्ही स्क्रिप्टना दिलं, दोन्हीकडे 'फक्त दाखव' लिहून. खोटी खाती बनवायचा तिला कंटाळा. म्हणाली, आपण दोघी आहोत की उंदीर.
माझ्या स्क्रिप्टने दाखवलं. काकांची गप्प. तिला ते शब्द माहीतच नव्हते. अडायचं सोडून तिने ते गाळले आणि आम्हाला रांगेत घेतलं. आधी ताई, मग मी. रांगेला हात लावायची परवानगी एकट्या काकांना. ते म्हणाले, बघतो.

शुक्रवार, १४ जून
काकांनी बघितलं नाही. ताईचं कार्ड बुधवारीच बंद पडलं होतं. आज दुपारी खातं गेलं. काकांच्या नावाने बोटं मोडत, बॅकअपमधून परत आणते म्हणून ती माझ्या कार्डाने दार उघडून सर्व्हरच्या खोलीत गेली. बाहेर आली नाही. त्या खोलीला दुसरं दार नाही.

सोमवार, १७ जून
ताईच्या टेबलाच्या जागी झेरॉक्सचं मशीन. त्याखाली जुनी, जाड धूळ. काकांनी विचारलं, कोण ताई? पहिल्यापासून आपण दोघंच तर आहोत. मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा कोणावर तरी अशी ओरडले. ते खरोखर गोंधळले होते. संताप त्याचाच येतो.

बुधवार, १९ जून
माझं कार्ड लागत नाही. रखवालदाराने विचारलं, कोणाकडे आलात? रांग थांबवा म्हणून काकांना तिसऱ्यांदा सांगितलं. इतकी वर्षं बिनतक्रार चाललंय, म्हणाले. तक्रार करणारे उरतच नाहीत, हे त्यांना —
समजावून दमले.

गुरुवार, २० जून
मेलही बंद पडला. आईला फोन केला. कोण हवंय, तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, मला एकच मुलगा आहे हो बाई. मागून दादा विचारत होता, कोण आहे गं? राँग नंबर, म्हणाली. त्याच मऊ आवाजात —

शुक्रवार, २१ जून
काका नव्या कपाटासाठी माझ्या टेबलाची जागा टेपने मोजताहेत. मी खुर्चीत बसले आहे. हाक मारली. दुसऱ्यांदा मोठ्याने. टेप माझ्या हातावरून —
काका, ही वही तुमच्यासमोर उघडी ठेवते आहे. रांग थांबवा. आज, शुक्रवारी, दुपारी दोनच्या आत मला उत्तर द्या. याच पानावर, एका शब्दात, हो किंवा