अक्काच्या फोटोतला रवा

६ जुलै, रविवार
कान्ह्याहून स्कूटरवर अक्काकडे. कामशेतच्या पुढे धुकंच धुकं. नवा कॅमेरा (मला नवा, पुतण्याला वापरून कंटाळा आलेला) पिशवीत, पिशवी रेनकोटात, मी ओलाचिंब. अक्का म्हणाली, "त्याला पांघारलास, आन् तू रं?" मी एकसष्ट वर्षांचा, तरी डोकं तिनेच पुसलं.
मग मुद्द्यावर आली. "माझा येक फोटू काढ. ह्येंच्या शेजारी भितीला लावाया."
दाजी गेले तेव्हा घरात त्यांचा एक धड फोटो नव्हता. आधार कार्डावरचा मोठा करून हार घातला. त्यात ते चोरी करताना सापडल्यासारखे दिसतात. अक्काला ते अजून खुपतं. "माझं तसं नगं व्हायला. आत्ताच काढून ठिव."
काढतो म्हणालो. आणि पावसाचा विषय काढला.

१३ जुलै, रविवार
घरात काढू म्हटलं तर चिडली. "घरात बसून जलम काढला व्हय मी? भायेर काढ. खाचराच्या बांधाव."
लावणी उरकलेली. सकाळचे अकरा, उजेड दिवेलागणीचा. ISO, म्हणजे कॅमेरा उजेड किती ओढून घेणार तो आकडा, १०० ठेवला. पुस्तिकेत लिहिलंय, कमी ठेवाल तितका फोटो स्वच्छ. त्यामुळे शटर रेंगाळलं, १/१५ सेकंद. आणि अक्काची मान हल्ली सारखी हलते, थोडीशीच, पण हलते. एकवीस फोटो. बांध, रोपं, मागची छत्री एकदम रेखीव. अक्का एकवीस वेळा पुसट.
मान कधीपासून हलते? मी दर रविवारी जातो. कळलं कसं नाही?

२० जुलै, रविवार
शटर १/१२५ केलं. मान थांबली, म्हणजे फोटोत. पण ISO ४००च्या वर न्यायचा धीर होईना. फोटो काळे आले. घरी कॉम्प्युटरवर उजळले तर चेहराभर रंगीत रवा सांडलेला. कॅमेरावाले त्याला नॉइज म्हणतात. मी रवाच म्हणणार.

२२ जुलै, मंगळवार
कामशेतला नंदूच्या स्टुडिओत. पोरगा लग्नांचे फोटो काढतो, हुशार आहे, फार बोलतो.
"काका, ISO काय रेशनवर मिळतो का? अंधारा काढून मागून उजळवलात की रवा जास्तच दिसणार. आधीच हात सैल सोडायचा."
खरं आहे. देहूरोडच्या डेपोत तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. मागेल त्याला निम्मं द्यायचं, ही सवय बोटात बसलीय.
जाता जाता म्हणाला, "उरलेला रवा कॉम्प्युटरवर घासून काढा. एक पट्टी असते, ती सरकवायची."

३ ऑगस्ट, रविवार
सैल सोडला. ३२००. जरा जास्तच सैल. पण अक्का हलली नाही! रात्री पट्टी पार शेवटपर्यंत सरकवली. रवा गायब. चेहरा कसा लोण्यासारखा. स्वतःवर बेहद्द खूश. नंदूकडून मोठी प्रिंट काढून घेणार.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी
ओवाळून झाल्यावर प्रिंट दिली. अक्काने चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.
"ही कोन बाई?"
"तूच की."
"माझ्या हनवटीवं हाय त्ये हिच्या कुटं हाय?" मग फोटोतल्या मनगटावर बोट ठेवलं. तिथे एक हिरवट डाग होता, बास. "तुजं नाव पुसलंस व्हय रं बाळू."
हसतच म्हणाली. पण फोटो पालथा घातला, आणि ताटं घ्यायला उठली.

१० ऑगस्ट, रविवार
झोप नाही. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा, अक्का सोळाची. त्या साली जत्रेत गोंदणारीण बसली होती. अक्काने हनवटीवर तीन ठिपके गोंदून घेतले आणि मनगटावर माझं नाव. एका हाताने मला धरून दुसरा हात सुईखाली. पुढे लग्न झालं तेव्हा मला कडेवर घेऊनच सासरी आली. दाजींनी चकार शब्द काढला नाही. देवमाणूस, फोटोत कसाही दिसो.
गोंदण तेवढं मेल्यावर बरोबर येतं, असं अक्का मानते. बाकी सगळं इथेच राहतं. आणि मी तेच घासून काढलं. पुसट, हिरवं, कातडीतच मुरलेलं. कॉम्प्युटरला तोही रवा वाटला. त्याला काय बोलू, पट्टी मी सरकवली.

३१ ऑगस्ट, रविवार
बांधावर. पाऊस उघडलेला, ढग पांढरे. ISO १६००, शटर १/१२५. उजेड आधीच पुरेसा घेतला, मागून उजळवायचं काम ठेवलं नाही. अक्काने मनगट मुद्दाम वर करून मांडीवर ठेवलं. म्हणाली, "आता दिसतंय का बघ." तेवढ्यात पाठीमागे म्हैस ओरडली आणि अक्का तिच्यावर खेकसली, तोंड माझ्याकडे वळवता वळवता हसली. तो एक चांगला निघाला.

२ सप्टेंबर, मंगळवार
पट्टीला हात लावला नाही. रवा आहे, बारीक, सावलीत जास्त. पण तीन ठिपके आहेत. नाव आहे. वाचता येतं.
सौ. मागे येऊन उभी राहिली. "अगंबाई, हुबेहूब! उद्याच फ्रेम करून देऊन टाका."
हो म्हणालो. फ्रेम झाली की ती भिंतीला लागणार, दाजींच्या शेजारी. मग अक्काची जायची सगळी तयारी झाली.
फोल्डर बंद केलं.

७ सप्टेंबर, रविवार
अक्का: "आला का फोटू?"
"आलाय, पण रवा फार आहे."
"म्हैस वरडली तवाचा?"
"तोच."
"मला तर वाटलं, त्योच ब्येस आसंल." माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी गूळ चोरल्यावर बघायची तसं. मी खिडकीबाहेर कितीतरी वेळ उगाच आभाळ बघितलं.
"उजेड बरा असला की परत काढू," म्हटलं.

१४ सप्टेंबर, रविवार
पाऊस. गेलो नाही. फोनवर म्हणाली, पाय सुजलेत, डॉक्टरने गोळी बदलली, काळजी करू नको. कॅमेरा न घेता गेलो असतो तरी चाललं असतं, हे नंतर सुचलं.

२८ सप्टेंबर, रविवार
भात पोटरीला आलंय, लोंब्या अजून पोटात. आभाळ पुन्हा भरलेलं. अक्का आज काठी घेऊन बांधापर्यंत आली, दोनदा थांबली. हिरवं लुगडं, नवं. बसली, पदर सारखा केला, मनगट वर ठेवलं.
"बाळू, खरं सांग. मागला चांगला निघाला न्हवं?"
"नाही गं. रवा होता."
"बरं." काठी बाजूला ठेवली. "मग काढ. मला कुटं जायाचंय?"
मी कॅमेरा डोळ्याला लावला. मान हलत होती. ISO १०० केला, जुलैत होता तसा. शटर १/१५.
"आला?"
"हलला."
"ऱ्हाऊ दे. पुढल्या आइतवारी ये."