मधेच थांबणारं गाणं

कर्जत, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय तनया,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही. माफ कर. तू रागावली होतीस म्हणून मी गप्प राहिलो, असं माझ्या रोजनिशीच्या वहीत लिहून ठेवलं होतं. पण ते खरं नाही. मी ओशाळलो होतो. पुण्यातल्या तुझ्या घरमालकिणीला परस्पर फोन करून तू किती वाजता घरी येतेस, ते मी विचारलं. ‘बाबा, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवता?’ असं तू विचारलंस. तुझी आई असती, तर तिने तो फोन करूच दिला नसता.

इथली बातमी म्हणजे, पंधरा वर्षांपूर्वीचा तो काळा डबा, आकड्यांचं स्पीकरवर गाणं करतो असं तू सगळ्यांना सांगायचीस तो, श्रावणात बिघडला असं मला वाटलं. तू जाताना तुझं गाण्यांचं खातं माझ्या फोनवर सुरू करून दिलंस. फोन वायरीने डब्याला जोडायचा आणि ऐकायचं. पण रोज पावणेआठच्या सुमारास गाणं मधेच थांबायचं. दुरुस्तीची कामं करणाऱ्या कडावच्या रूपेशला बोलावलं. त्याने वायरी बदलून पाहिल्या, शेवटी माझा फोन हातात घेतला आणि हसत सुटला. ‘सर, डबा ठणठणीत हाय. खातं एक, ऐकणारी दोन! तिकडं ताईनं गाणं लावलं की तुमचं बंद. नवा डबा घ्या, वायर नको, फोन नको, आणि स्वतःचं खातं काढा.’

विचार करतो म्हणालो. आवाजात किती फरक पडेल, जुने स्पीकर चालतील का, असं तीन महिने विचारत राहिलो. ‘सर, तुमी डबा घेताय का सोयरीक जुळवताय?’ रूपेश म्हणाला.

खरं कारण त्याला कसं सांगू? मी रोज साडेसातला गाणं लावून बसतो आणि ते थांबायची वाट बघतो. थांबलं की तू खोलीवर पोचलीस. मग मी कुकर लावतो. सप्टेंबरात चार दिवस ते थांबलंच नाही. पाचव्या दिवशी पिशवी भरून स्टेशनवर पुण्याच्या गाडीची वाट बघत बसलो, फोनवर गाणं लावून. गाडीआधी ते थांबलं. घरी आलो. आणि एकदा, तू थांबवलेलं गाणं मी मुद्दाम पुन्हा लावलं. तू तुझं लावलंस. मी परत माझं. असं तीनदा. मला वाटलं, आपण बोलतोय. तुला नुसता वैताग आला असेल.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, पाळत ठेवतो, अजूनही. गुपचूप नवं खातं काढलं असतं तर तुला काहीच कळलं नसतं, आणि मी फुकटचा चांगला ठरलो असतो. म्हणून आधी हे पत्र. रूपेशला नवा डबा आणायला सांगितलाय. यापुढे तुझं गाणं माझ्यामुळे थांबणार नाही. तू पोचलीस की नाही, ते तू सांगितलंस तरच मला कळेल.

तुझाच,
बाबा

उद्याचं काम: रूपेश यायच्या आत फोनवर तुझ्या खात्यातून बाहेर पडणे.