दबकीसाठी घर

प्रिय ठकू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून दिलंस, तर तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पत्ता मावशीकडून घेतला. ती द्यायला तयार नव्हती. कशाला हवाय ते सांगितलं, तेव्हा एकेक शब्द सावकाश सांगत गेली. फोन नंबर मी मागितला नाही, तिनंही दिला नाही.

दुकान बंद करून दोन वर्षं झाली. काळ्या कापडावर काळा दोरा आता दिसत नाही. मशीन मात्र विकलं नाही. आपल्या गल्लीच्या टोकाला जुन्या गोदामात बेवारशी कुत्र्यांचा निवारा झालाय. तिथल्या डॉक्टरीणबाई एकदा फाटक्या चादरींचं गाठोडं घेऊन दारात आल्या, कुत्र्यांसाठी गाद्या शिवून द्याल का म्हणून. मी जन्मात कुत्र्याला माया लावली नव्हती. तू एकदा शाळेच्या दप्तरातून पिल्लू आणलं होतंस, त्याचं मी काय केलं ते तुला माहीत आहे. पण तुझी आई गेल्यापासून रिकामं घर खायला उठतं, म्हणून हो म्हटलं. आता मशीनच तिकडे नेऊन टाकलंय. सकाळी गाद्या शिवतो, दुपारी पिंजरे धुतो. गिऱ्हाईक तसं बरं आहे. बाही आखूड झाली म्हणून कोणी भांडत नाही, फक्त शिवलेलं दुसऱ्या दिवशी उसवून ठेवतात.

तिथे मागच्या ओळीत, शेवटच्या पिंजऱ्यात एक कुत्री आहे. तपकिरी, बारक्या अंगाची, एक कान दुमडलेला. तिला सगळे दबकी म्हणतात, कारण ती सरळ उभी राहिलेली कोणी पाहिलीच नाही. भिंतीला धरून, पोट जमिनीला टेकवत सरकते. माणूस समोर असला तर अन्नाला तोंड लावत नाही. पहिल्या दिवशी मी गादी टाकायला वाकलो आणि माझ्या गळ्यातला मापाचा टेप लोंबत पुढे आला. ती अशी झटक्यानं मागे सरली की डोकं भिंतीवर आपटलं, आणि जागेवरच तिला लघवी झाली. बाई म्हणाल्या, हिला पट्ट्यानं मारायचे, पाठीवर वळ आहेत, तिथे केसच येत नाहीत. मी टेप काढून खिशात घातला. तेव्हापासून गळ्यात घालत नाही. चाळीस वर्षांची सवय, अजूनही हात मानेकडे जातो.

तिला घर मिळावं म्हणून आम्ही जिवाचं रान केलं. आधी एक नवराबायको घेऊन गेले, दोघं नोकरी करणारे, शांत घर. पाचव्या दिवशी परत आणली. दिवसभर पलंगाखाली बसते, हाक मारली तर येत नाही, आम्हाला कुत्रा हवा होता, भूत नको, असं नवरा हसत हसत म्हणाला. मग एक मास्तर आले. दोन मुलं, समजूतदार बायको. दबकीला गादीसकट मीच पोचवून आलो. त्या मुलांनी मला शिकवावं इतकी ती शहाणी होती. लांब बसायची, तिच्याकडे न बघता खाऊ सरकवायची. तीन आठवड्यांत दबकी पलंगाखालून बाहेर येऊन दारापाशी बसायला लागली होती. आणि मग एका संध्याकाळी थोरल्याचे मार्क बघून मास्तरांचा आवाज चढला. कुत्रीवर नाही, मुलावर. त्यांनी हात उगारला, तो पडायच्या आत दबकी उघड्या दारातून जिना उतरून रस्त्यावर गेली. रस्त्यावर मोटार होती.

दुसऱ्या दिवशी ती एका अर्धवट इमारतीच्या जिन्याखाली सापडली. मी सिमेंटच्या धुळीत पालथा पडून तासभर नुसता बोलत राहिलो. काय बोललो आठवत नाही. शेवटी ती सरपटत आली आणि तिनं माझ्या हातावर नाक टेकवलं. मागचा एक पाय बाईंना कापावा लागला. मास्तर निवाऱ्यात येऊन रडले. म्हणाले, कुत्रीला मी कधी बोटही लावलं नाही हो. खरंच होतं ते. बाकीचे त्यांच्याकडे रागानं बघत होते, मी त्यांना पाणी आणून दिलं. माझी मान वर होत नव्हती.

ठकू, दुकानातली लाकडी पट्टी मी घरी घेऊन यायचो ती कशासाठी, हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. आईजवळही नाही. ती स्वयंपाकघरात नळ पूर्ण सोडून उभी राहायची, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. तू रडत नव्हतीस, त्याचाच मला जास्त राग यायचा. मी जेवायला बसलो की तू ताट घेऊन दाराआड जायचीस, त्याला मी हट्ट म्हणायचो. लोक म्हणायचे, पोरीला काय वळण लावलंय, तोंडातून शब्द नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा. आई गेली तेव्हा तू उंबऱ्याबाहेर उभी राहिलीस आणि मी दोन पावलं पुढे आलो तशी भिंतीला टेकलीस. तिशी ओलांडलेली बाई तू. मी ते तेव्हा पाहिलं, पण त्याचा अर्थ मला दबकीच्या पिंजऱ्यासमोर वाकून बसल्यावर कळला. फार उशिरा कळला.

आता दबकी तीन पायांवर चालते आणि माझ्यासमोर जेवते. फक्त माझ्यासमोर. मी सुटी घेतली की वाडगा तसाच राहतो. बाईंनी मला दोन-तीनदा सुचवलं, काका, तुम्हीच का नेत नाही? मी गुडघ्यांचं कारण सांगितलं, वयाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तिसऱ्यांदा परक्या घरात पाठवली तर ती जगणार नाही, आणि पिंजऱ्यातही अशी कुत्री फार दिवस काढत नाहीत. मागच्या आठवड्यात मी अर्ज भरायला बसलो. मास्तरांच्या प्रकारानंतर बाईंनी त्यात खाली स्वतःच्या अक्षरात एक प्रश्न वाढवलाय. या घरात कधी कुणी कुणावर हात उगारला आहे का. नाही लिहिलं असतं तर विचारणारं कोणी नव्हतं. नळ सोडणारी गेली, शेजारी बदलले. मी हो लिहिलं.

बाईंनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं कोणी, कोणावर. मी सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं की चार महिन्यांपूर्वी एका दांडग्या कुत्र्यानं नवी गादी फाडली, तेव्हा माझा हात वर गेला होता. खाली आला नाही, पण वर गेला. समोर दबकी होती. त्यानंतर आठ दिवस ती माझ्यासमोरही जेवली नाही. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, बदललेला माणूस आणि नुसता म्हातारा झालेला माणूस लांबून सारखेच दिसतात. मी कसं ओळखू?" मी म्हटलं, मलाही सांगता येत नाही. राग येतो तो आता छातीत धडधडून विरून जातो. तो मी आवरतो की अंगात जोर उरला नाही म्हणून विरतो, देव जाणे. त्यावर त्या म्हणाल्या, "मग तुमच्या मुलीला विचारावं लागेल."

म्हणून हे पत्र. अकरा वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस, तू काय सांगणार असं तुला वाटेल. पण माझ्या घरात भीत भीत राहणं म्हणजे काय, हे तुझ्याशिवाय जगात कुणालाही ठाऊक नाही. सोबतच्या चिठ्ठीवर बाईंचा नंबर आहे. वाटलं तर त्यांना फोन कर, मला नाही. तू काय बोललीस ते मला कळू देऊ नका, फक्त हो की नाही तेवढं सांगा, असं मी त्यांना बजावलं आहे. महिनाभरात फोन आला नाही तर ते नाहीच समजायचं, असंही ठरलंय. मग दबकी तिथेच राहील आणि मी जमेल तितके दिवस तिच्यासमोर वाडगा ठेवत राहीन. हे ओझंही तुझ्याच अंगावर टाकतोय, ते मला कळतं. तू दहा वर्षांची असताना तुझं मनगट मोडलं होतं. दवाखान्यात मी म्हणालो, जिन्यावरून पडली. डॉक्टरांनी तुझ्याकडे वळून विचारलं, खरं का गं? तू माझ्याकडे बघितलंस आणि मान डोलावलीस. या वेळी मी खोलीत नसेन. डॉक्टर विचारतील तेव्हा खरं ते सांग.

तुझाच,
ज्याला तू बाबा म्हणायचीस तो