सहा माळांचं अंतर

मरोळ गावठाण,
१८ जानेवारी २०२५

प्रिय ॲड्रियन,

आम्ही दोघं बरे आहोत. गावठाणातली जेनेव्हिव्ह कॅनडाला निघाली आहे, तिच्या हातून हे पत्र आणि बॉटल मसाला पाठवतो. बाटली तुझ्या मम्मीने बांधली आहे, सांडली तर दोष तिचा.

पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर तू हसतोस आणि मी तिकडचं हवामान विचारतो, म्हणून.

तू विमान घेऊन निघालास की मम्मी रोझरीची माळ धरते, हे तुला ठाऊक नाही. तिला किलोमीटर कळत नाहीत. मीच सांगून ठेवलं होतं: यलोनाईफ ते केंब्रिज बे साडेआठशे किलोमीटर, म्हणजे वीस-वीस मिनिटांच्या चार माळा. एकतीस वर्षं सहार विमानतळावर सामान चढवलं, एवढं आपल्याला कळतं, ही माझी ऐट.

परवा आमच्या संध्याकाळी सहाला तू निघालास. चार माळा झाल्या तरी मेसेज नाही. मोबाईलच्या नकाशावरून तुझं विमान अर्ध्या वाटेतच नाहीसं झालेलं. बॅटरी संपत आली म्हणून फोन फ्रीजवर चार्जिंगला लावला आणि उठून उठून बघत राहिलो. मम्मीने पाचवी माळ धरली, तिचा आवाज कापायला लागला. मला ते ऐकवेना. खुर्चीतूनच म्हणालो, "पोचला गं. मेसेज आला."

तिने माळेच्या क्रुसाचं चुंबन घेतलं आणि बोंबील तळायला गेली.

मग मात्र लक्षात आलं: तू अजून वर असशील, आणि मी तुझी माळ अर्ध्यात थांबवली. दूध आणतो सांगून फोन घेतला आणि गावठाणातल्या क्रुसापाशी जाऊन बसलो. चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावरचा माणूस. बोटांच्या पेरांवर 'नमो मरिया' मोजत होतो, चुकत होतो, पुन्हा पहिल्यापासून धरत होतो. हात गार पडले होते.

आठ वाजून दहा मिनिटांनी तुझा मेसेज आला: पोचलो, आज जेट नव्हतं, पंख्याचं विमान होतं. जन्मभर जेटमध्येच सामान भरलं, पंख्याचं सावकाश जातं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दूध न घेताच घरी गेलो. मम्मी म्हणाली, "मेसेज आला म्हणालास तेव्हा फोन फ्रीजवर होता. पाचवी मी बोंबील तळताना पुरी केली. सहावी तू म्हटलीस ना?"

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. नाताळात तू म्हणाला होतास, "पप्पा, पंखावर बर्फ धरतो तेव्हा माझे हात गार पडतात. सोडू का हे?" मी तुला भित्रा म्हणालो आणि फोन ठेवला. तुझा युनिफॉर्ममधला फोटो मी गावठाणात घरोघर दाखवला होता, तो परत घ्यायची मला लाज वाटली. तेव्हापासून तू नुसता हसतोस. परवा मी तासभर भ्यालो, तू तर रोज भितोस.

सोड ते. घरी ये. लोकांना काय सांगायचं ते मी सांगेन.

येताना प्रवासी म्हणून ये, खिडकीपाशी बस. मुंबईपर्यंत किती तास लागतात ते या वेळी तूच नीट कळव. माळा पुष्कळ होतील, अर्ध्या माझ्या.

तुझा भित्रा बाप,
रोझारिओ