प्रश्न विचारून थांबलो

चामोर्शी, ७ सप्टेंबर २०२५

चि. हर्षा हीस,
सप्रेम जयभीम. फोनवर लिहितो आहे म्हणून मायना सोडणार नाही.

या पावसाळ्यात माझ्या हातून झालं ते असं: बांबूच्या चार खुर्च्या, अंगणवाडीसाठी पुस्तकांची मांडणी, अर्धा पाळणा, आणि तू सुचवलेलं फेसबुकवरचं पेज. यातलं काहीच मला कुणी शिकवलं नाही. पेजवर रोज बांबूला बांबू बसवायचा एक जोड समजावतो, मापासकट. वाचणारे पुष्कळ. अंगठा दाखवतात अन् जातात.

डोमा अजून माझ्याशी बोलत नाही. मार्कंड्याच्या जत्रेत गिऱ्हाइकासमोर मी त्याची खुर्ची बोटभर वाकडी म्हटली, तेव्हापासून. वाकडी होती, हे आजही म्हणतो. पण लहानपणापासून आम्ही बरोबर बांबू आणला. आता मी दिसलो की सायकल दुसरीकडे वळवतो. घास गोड लागत नाही. पेज मात्र वाचतो म्हणे, त्याची बायको मंगली सांगत होती.

तुझी माया या हट्टी भावावर असू दे.
प्रफुल

राजुरा, १४ सप्टेंबर

ती. भाऊस,
सविनय जयभीम. तुझं पेज पहिल्यापासून वाचलं. भाऊ, इतकं लिहिलंस अन् प्रश्नचिन्ह एकही नाही. लोकांनी बोलावं तरी कुठं? कुणी बोललंच तर तू त्याचं माप दुरुस्त करतोस. आमचे हे म्हणतात, तुझ्या भाऊच्या पेजवर खुर्च्या पुष्कळ, पण बस म्हणणारं कोणी नाई.

एक कर. उत्तर तुला खरंच माहीत नाही असा प्रश्न विचार. कुणी काही लिहिलं की चहा पी, मग लिही, परत वाच, टोचणारं पूस. बोलताना ही सोय नसते. लिहून सवय झाली की जीभही वळते. शाळेत पालकांशी बोलणं मले असंच जमलं, आधी ग्रुपवर लिहून लिहून.

रागावलास तरी माया तेवढीच ठेव.
हर्षा

चामोर्शी, २ नोव्हेंबर

चि. हर्षा हीस,
सप्रेम जयभीम. विचारलं बाई. पाळण्याचा कठडा वाकवताना बांबू काळा पडतो, काय करावं? हे लिहायला पाळण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी डोमानं लिहिलं, जाळ काऊन लावतं बे, निखाऱ्यावर धर अन् ओल्या पोत्यानं पुसत राय. निखाऱ्याचं मला माहीत आहे, असं मी लिहिलं. चहा प्यालो. पुसलं. पोतं किती ओलं ठेवतोस, एवढंच विचारलं. त्यावर त्यानं जे लिहिलं ते माझ्या कुठल्याही पोस्टपेक्षा लांब. मग गावातला बांबूवाला लटारूही बोलू लागला, बाकीचेही.

काल डोमा घरी आला. खुर्ची दिली तर खाली बसला. म्हणे, तुह्या खुर्चीवर बसलो तर माहंही माप घेशील. त्याच्या पोरीच्या लग्नाचं विचारलं आणि थांबलो. पूर्वी थांबत नव्हतो. तो खूप वेळ बोलला. मांडवाचे बांबू त्यानं कमी धरले होते, ते ओठावर आलं होतं. ते उद्या विचारीन. जाताना म्हणे, खुर्ची जराशी वाकडी होती, पण चारचौघांत सांगाची नव्हती. मी म्हटलं, नव्हती सांगायची.

तुझ्या ह्यांना नमस्कार सांग, अन् मला असंच रागवत जा.
प्रफुल

ता. क. नागपूरचा एक फर्निचरवाला पेज विकत मागत होता. नाव माझंच राहणार, उत्तरं त्याचा माणूस लिहिणार. डोमानं काही विचारावं अन् माझ्या नावानं भलत्यानंच बोलावं, हे मला चालणार नव्हतं. नाही म्हणून कळवलं. साठ हजार देत होता.