एक दिवस आधी आलेली मुलगी

ता. ४ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची वाट बघायचं मी आता सोडून दिलंय. वहिनीला फोन केला की सगळं ठीक आहे म्हणते आणि लगेच माझ्या गुडघ्याची चौकशी सुरू करते. म्हणजे ठीक नाही, एवढं मला कळतं.

काम असं, की मी ज्या औषधांच्या दुकानात असते तिथले आमचे मालक पहिल्यांदाच सुट्टी घेतायत. बायकोला घेऊन तळ्याकाठी राहायचं म्हणतात. माझा भाऊ तिथे खोल्या देतो आणि त्याच्या हातच्या सुपासाठी लोक पुन्हा पुन्हा येतात, असं मी छाती फुगवून सांगून टाकलं. तेव्हा पुढच्या महिन्यात वरची बाल्कनीची खोली त्यांच्यासाठी ठेव. माणूस साधा आहे, फक्त उशी कडक लागते. खोकल्याच्या औषधांवर बोलायला लागला की थांबत नाही, तेवढं सोस.

वेळेवर जेवतोस का? खोटं लिहिलंस तरी मला अक्षरावरून कळेल. वहिनीला नमस्कार. धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमणी


ता. ११ मे

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या मालकांना आमच्याकडे पाठवू नकोस. त्यांची सोय दुसरीकडे होईल, ती लिहितो.

पलीकडच्या काठावर काचेच्या जेवणघराचं मोठं हॉटेल आहे. खोल्या स्वच्छ, उशा कडक. गर्दी नको असेल तर पाववाल्याच्या भट्टीवर दोन खोल्या आहेत. पहाटेपासून पावाचा वास येतो, काहींना तो आवडतो. मासा खायचा तर धक्क्यावर आत्याबाईंच्या टपरीत, पण दुपारीच. संध्याकाळपर्यंत तेल काळं होतं. कॉफी पोस्टाशेजारी बरी मिळते.

आमच्या खोल्याही रिकाम्याच आहेत. तुझी वहिनी रोज चादरी बदलते. पाटी मीच उतरवून ठेवली आहे. मागच्या उन्हाळ्यातली ती मुलगी तुला आठवत असेल. आईवडिलांना सुट्टी घडवायची म्हणून तिने खोल्या ठरवल्या, स्वतः एक दिवस आधी आली, आणि दुसऱ्या सकाळी ते पोचायच्या आत पोहायला गेली. नावाड्याने आणि मी तिला बाहेर काढलं. पाणी गार होतं, पायात गोळा आला असावा असं डॉक्टर म्हणाले. कुणाची चूक नव्हती असंही म्हणाले. ते मला पटलं आहे. तरी दारात कुणी बॅग घेऊन उभं राहिलं की माझे हात थांबतात. वाईट वाटतं असंही नाही. काहीच वाटत नाही. सुपात मीठ पडलं की नाही ते तुझ्या वहिनीला विचारावं लागतं.

आता त्या मुलीच्या आईचा फोन आला. दोघांना इथे येऊन राहायचं आहे, आमच्याकडेच. तुझ्या वहिनीने मला न विचारता हो म्हटलं. मी त्यांना पलीकडच्या हॉटेलात पाठवावं म्हणतो. तुझं मत कळव.

गुडघा सांभाळ. आमची आठवण काढतेस तशी काढत जा.

दादा


ता. १५ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मालकांना पाववाल्याचा पत्ता दिला. तुझं-माझं भांडण झालंय असं त्यांना वाटतंय. वाटू दे.

त्या दोघांना हॉटेलात मात्र पाठवू नकोस. वहिनी सांगत होती, त्या दिवशी पोलीस, डॉक्टर, गाडी यातच सगळा वेळ गेला आणि तू नुसता दाराशी उभा होतास. दादा, त्यांना खोली नकोय. त्यांच्या मुलीची शेवटची संध्याकाळ तुमच्या घरात गेली. ती पाहिलेली माणसं दोनच, तू आणि वहिनी. मग त्यांनी जायचं कुणाकडे?

तू धीर वगैरे द्यायला जाऊ नकोस. ते तुला जमत नाही. आई गेली तेव्हा मी रडत होते आणि तू मला सिलिंडर कसा बदलायचा ते समजावत बसला होतास. नुसता स्वयंपाक कर. त्यांनी विचारलं तर सांग, नाही विचारलं तर गप्प राहा.

रागावू नकोस. रागावलास तरी पत्र टाक.

तुझी,
चिमणी


ता. २ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

ती दोघं येऊन राहिली. परवा गेली.

वडील कुलपं दुरुस्त करतात, आई शिवणकाम शिकवते. पहिले दोन दिवस कामापुरतं बोलणं झालं. जेवायला खाली यायची, ताटलीत थोडंसं घ्यायची, तेही उरायचं. वडिलांनी बाल्कनीच्या दाराचं कुलूप न सांगता उघडून साफ केलं. मी बघितलं. माझ्या मनात तेव्हाही काही हललं नाही. ती दोघं कधी जाणार एवढंच वाटत होतं.

तिसऱ्या संध्याकाळी मी सूप वाढत असताना आईने विचारलं, ती कुठे बसली होती. मी जागा दाखवली. बाई उठून तिथे जाऊन बसल्या. मग काय खाल्लं ते विचारलं. मी म्हटलं, सूप दोनदा घेतलं आणि पावाचं टोक मागून घेतलं. बाईंनी मान हलवली. त्या टोकावरून तिच्या भावाशी मारामाऱ्या व्हायच्या म्हणाल्या.

मग विचारलं, काही बोलली का. मला आठवत होतं, पण ते सांगण्यासारखं आहे की नाही ते कळेना. तुझी वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती. शेवटी सांगून टाकलं. तिने आधी दोन्ही खोल्या एकमेकींना लागून ठरवल्या होत्या. मधली भिंत ठोकून बघितल्यावर म्हणाली, मला त्या टोकाची खोली द्या, बाबा घोरतात तेव्हा खिडक्यांची तावदानं वाजतात.

बोललो आणि जीभ चावली. वडिलांनी चमचा खाली ठेवला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, मी घोरत नाही. त्यावर बाई हसल्या. तोंडावर हात ठेवून, खांदे हलेपर्यंत हसल्या. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी त्यापायीच घर सोडलं होतं म्हणाल्या. वडील नाही नाही म्हणत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं. मी पाव कापत राहिलो. सगळा पाव कापून टाकला.

दुसऱ्या सकाळी बाई एकट्याच खाली आल्या आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या. मी दोन कप काढले, तर एकच चहा द्या म्हणाल्या. ते गेल्या वर्षीपासून रात्रभर नुसते छताकडे बघत जागे पडून असतात, त्यामुळे घरात घोरण्याचा आवाज नाही. बाईंनाही त्या शांततेची सवय झाली होती. आता त्यांना उठवू नका म्हणाल्या.

वरून खरोखरच घोरण्याचा आवाज येत होता, चांगला दणदणीत. तुझी वहिनी चादरी वाळत घालायच्या निमित्ताने बाहेर निघून गेली. मी गॅस बारीक केला, उकळत्या पाण्याचा आवाज मध्ये येत होता म्हणून. बाईंनी चहा हातात धरला होता, प्यायला नव्हता. आम्ही दोघं वर छताकडे बघत ऐकत राहिलो.

तब्येत जप, आणि आमच्यावर जीव असू दे.

दादा